पाहुण्याने वाचायचं पान

रविवारी चहाच्या वेळेला चष्मेवाला घरी यायचा होता, आणि धाकटी सकाळपासून बैठकीच्या खोलीतली पुस्तकं इकडची तिकडे करत होती. एक बारीकसं पुस्तक तिला अशा जागी ठेवायचं होतं, की खुर्चीतून उठलेल्या माणसाचा हात आपोआप तिथेच जावा. पण ते मुद्दाम ठेवलंय असं बाबांना वाटता कामा नये. बाबांना फसवणं हे काही खायचं काम नव्हतं. त्या भिंतीवरच्या एकूण एक पुस्तकाची जागा त्यांना तोंडपाठ होती.

बाबांनी उभं आयुष्य एका वर्तमानपत्रात पुस्तकांची परीक्षणं लिहिण्यात घालवलं होतं. लेखकमंडळी पाठीमागे त्यांना ‘चाळणी’ म्हणत. हे नाव बाबांच्या कानावर आलं होतं आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडलंही होतं. निवृत्त झाल्यावर चाळायला पुस्तकं कमी येऊ लागली, तशी त्यांनी माणसं चाळायला घेतली. घरात कुणी नवीन माणूस आला, की चहा संपेपर्यंत ते हवापाण्याचं बोलत आणि मग भिंतीकडे हात करत. ‘काय वाचता ते सांगू नका, त्यात सगळेच थापा मारतात. यातलं एक काढा आणि एक पान वाचून दाखवा.’ पाहुणा वाचायचा. बाबा डोळे मिटून ऐकायचे. मग डोळे उघडून एकच प्रश्न विचारायचे, ‘हेच का?’

वरच्या मजल्यावर राहायला आलेल्या डॉक्टरीणबाई या प्रश्नाला इतक्या घाबरल्या, की पुढे जिन्यात भेटल्या तरी हातातलं मासिक पिशवीत लपवायच्या. घरात याचं हसू व्हायचं. पण एकदा ते हसू फार महागात पडलं होतं.

धाकटीच्या ताईला एक माणूस आवडला होता. तो पूल बांधायचा. धिप्पाड, मोठ्या आवाजाचा, ताईच्या पिशव्या न विचारता उचलणारा. त्याने भिंतीवरून नेमकं ते पुस्तक काढलं, जे बाबांकडे परीक्षणासाठी आलं होतं आणि फाडून टाकायचं राहून गेलं होतं. आत्मविश्वास कसा वाढवावा, अशा छापाचं. पूलवाल्याने त्यातलं एक पान खणखणीत वाचलं आणि ‘हेच का?’ला ‘याचा फार उपयोग होतो’ असं उत्तर दिलं. बाबा हसले. मोठ्याने नाही, नुसतं नाकातून. त्यांनी नकार दिला नाही की अपमान केला नाही. उलट त्याला दारापर्यंत सोडायला गेले. पण त्यानंतर पूलवाला काहीही बोलला, जेवण छान झालंय म्हणाला किंवा बस चुकली म्हणाला, तरी ताईला ते नाकातलं हसू ऐकू यायला लागलं. वर्षभरात तिनेच त्याला नको म्हणून सांगितलं. आता ताई शाळेत भूगोल शिकवते, घरात मोजकं बोलते आणि रस्त्यात एखादा पूल आला तर दुसरीकडे बघते.

म्हणून धाकटीला भीती बाबांची नव्हतीच. बाबा काय, दोन दिवस तोंड वाकडं करतील आणि गप्प बसतील. भीती होती ती स्वतःच्या कानांची. बाबा हसले आणि चष्मेवाला आपल्या नजरेतून उतरला, तर? एकदा उतरलेला माणूस परत वर चढवता येत नाही, हे तिने ताईच्या बाबतीत डोळ्यांदेखत पाहिलं होतं. आणि हा माणूस तिला हवा होता. इतका, की स्वतःचीच तिला लाज वाटायची.

ओळख झाली ती त्याच्या दुकानात. धाकटी दातांच्या प्रयोगशाळेत कामाला होती. डॉक्टरांकडून तोंडाचे साचे यायचे, त्यावरून ती दात घडवायची, आणि शेजारच्या खऱ्या दातांशी रंग असा जुळवायची की खोटा कुठला ते बायकोलाही कळू नये. बारीक कामाने डोळे दुखायला लागले, म्हणून ती चष्मा करायला गेली. एक महागडी फ्रेम तिने नाकावर चढवली.

‘ही घेऊ नका,’ दुकानदार म्हणाला, ‘हिच्यात तुम्ही रागीट दिसता.’

‘मी आहेच रागीट.’

‘मग घ्या.’

तिने घेतली. पुढे काड्या सैल झाल्याच्या निमित्ताने ती इतक्या वेळा गेली, की त्याने शेवटी विचारलं, ‘चष्मा घालता की त्याच्याशी कुस्ती खेळता?’ गोड बोलायचं म्हणून तो काही बोलत नसे. तिला त्याचं हेच आवडलं होतं. आणि वाचतो का, असं तिने विचारलं, तेव्हाही त्याने आडपडदा ठेवला नाही. दिवसभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावायची, त्यातच वाचनाची हौस फिटते म्हणाला. शाळा सुटल्यापासून एकही पुस्तक त्याने पुरं केलेलं नव्हतं. तिसऱ्या पानावर झोप येते, असं त्याचं म्हणणं.

घरच्या पद्धतीबद्दल तिने सांगितलं, तेव्हा तो म्हणाला, ‘मग सरळ सांगतो ना, वाचत नाही म्हणून.’

‘ते हसतील.’

‘हसू देत की.’

‘तुला चालेल. मला नाही चालणार,’ ती म्हणाली, आणि पूलवाल्याची सगळी कथा तिने त्याच्या कानावर घातली. ऐकून तो बराच वेळ काच पुसत राहिला. मग म्हणाला, ‘बरं, शिकव.’

दुपारी जेवणाच्या सुट्टीत तो दुकानाचं दार ओढून घ्यायचा आणि डोळे तपासायच्या खुर्चीत स्वतः बसायचा. धाकटी समोर उभी. तिने निवडलेली कादंबरी एका शिक्षिकेची होती. तिला ऐकू येईनासं होतं आणि ती ते अख्खं वर्ष वर्गापासून लपवते. मुलांच्या ओठांवरून उत्तरं ओळखते. त्यातलं एक पान तिने पक्कं केलं. एका मुलीचा पुढचा दात पडलेला असतो, म्हणून ती तोंडावर हात धरून उत्तर देते. शिक्षिकेला काहीच कळत नाही. ती ‘छान’ म्हणते, आणि वर्ग गप्प होतो, कारण उत्तर साफ चुकलेलं असतं.

‘इथे थांबायचं,’ धाकटी सांगायची. ‘ ‘छान’च्या आधी नाही, नंतर. बाबा थांबणं ऐकतात, वाचणं नाही.’

तो मुकाट्याने पुन्हा वाचायचा. अडखळायचं थांबलं, तेव्हा ती ‘हेच का?’कडे वळली.

‘तू काय सांगशील?’ त्याने उलट विचारलं.

आणि कसं कोण जाणे, तिने सांगून टाकलं. ताईला नाही, बाबांना नाही, कुणालाच कधी न सांगितलेलं. ‘माझी आई गेली ना, त्या वर्षी वाचलं होतं. मी शाळेत होते. या पानाला इतकी रडले की पान फुगलं. आईसाठी रडायला आलं नव्हतं तोवर. कुणाला तरी सांगावंसं वाटायचं. बाबांच्या दाराशी जायचे. ते वाचत असायचे. निळ्या पुठ्ठ्याचं पुस्तक, तोंडासमोर धरलेलं. वाचणाऱ्याला हाक मारायची नाही, हा आमच्या घरचा नियम. मग परत यायचे.’

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं, ‘रोज जायचीस दाराशी?’

‘जवळजवळ रोज. आणि हे बघ, हे तुला असंच सांगितलं. बाबांसमोर हे नाही. त्यांना तू सांगायचंस, ‘ही बाई हरते, पण वर्गाला हरू देत नाही.’ एवढंच. मोजकं आणि वजनदार.’

हे वाक्य तिला फार पसंत होतं. आपल्याला इतकं नेमकं सुचलं, याचं तिला जरा कौतुकही वाटत होतं.

चष्मेवाला वेळेवर आला. त्याने इस्त्रीचा सदरा घातला होता आणि दाढी इतकी घोटली होती, की हनुवटीला कापलं होतं. दारात जोडे काढताना त्याने धाकटीकडे पाहून भुवई उडवली. तिला साधं हसताही आलं नाही.

ताईने चहा आणला. हवापाणी झालं, दुकानाचं झालं, बाबांनी स्वतःच्या चष्म्याची तक्रार केली. त्याने तो हातात घेऊन काड्या नीट करून दिल्या. बाबांना बरं वाटल्याचं दिसलं. धाकटी कप घट्ट धरून बसली होती. मग बाबांनी कप खाली ठेवला आणि भिंतीकडे हात केला.

तो उठला. आधी वरच्या फळीवर नजर फिरवली, एक पुस्तक काढून परत ठेवलं (हे त्याचं स्वतःचं, तिने शिकवलेलं नव्हतं) आणि मग ते बारीक पुस्तक काढलं. पानं चाळल्यासारखं करून त्याने नेमकं पान उघडलं आणि वाचायला लागला.

तो छान वाचत होता. आवाज खाली, कुठे घाई नाही. मुलीने तोंडावर हात धरला. शिक्षिका ‘छान’ म्हणाली. तो थांबला. बाबांचे डोळे मिटलेले होते, पण मान किंचित हलली. ताई दाराच्या चौकटीला टेकून ऐकत होती. पान संपलं.

बाबांनी डोळे उघडले. ‘हेच का?’

‘ही बाई हरते,’ तो म्हणाला, ‘पण वर्गाला हरू देत नाही.’

बाबा त्याच्याकडे टक लावून बघत होते. मग त्यांच्या ओठांचा एक कोपरा वर गेला.

‘वाक्य चांगलं आहे,’ ते म्हणाले. ‘माझंच आहे. हे पुस्तक आलं तेव्हा परीक्षण लिहिलं होतं, त्यातलं शेवटचं.’

धाकटीला आठवेना, आणि एकदम आठवलंही. ती ते परीक्षण लहानपणी वाचून विसरली होती, आणि वाक्य तेवढं आत राहून गेलं होतं. आपलंच म्हणून ती ते या बिचाऱ्याला पढवून बसली होती. या घरात वाढलेल्या मुलीच्या डोक्यात बापाची वाक्यं कुठे संपतात आणि स्वतःची कुठे सुरू होतात, ते तिला तरी कसं कळावं? बाबांच्या नाकपुड्या हलल्या. तिला ती खूण ठाऊक होती. ताईलाही ठाऊक होती. ताईने मान फिरवली.

चष्मेवाल्याने पुस्तक मिटलं. ‘असेल तुमचं,’ तो म्हणाला. ‘दुसरं सांगू? माझी आई गेली त्या वर्षी वाचलं होतं.’

नाकपुड्या थांबल्या.

‘तोवर रडायला आलं नव्हतं. या पानाला आलं. पान फुगलं होतं रडून.’

त्याची आई जिवंत होती. चांगली ठणठणीत. गेल्याच आठवड्यात तिचा इथे फोन आला होता, आणि उचलला होता ताईने. धाकटीने दाराकडे पाहिलं. ताई तिच्याकडेच बघत होती. ताईच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ‘मी काही बोलणार नाही, तुझं तू बघ,’ असं ती नजरेनेच सांगत होती.

बाबा पुढे वाकले. त्यांचा आवाज बदलला होता. ‘कुणापाशी बोललात?’

‘नाही. सांगावंसं वाटायचं. वडिलांच्या दाराशी जायचो. ते वाचत असायचे. वाचणाऱ्याला हाक मारायची नाही, अशी घरची पद्धत.’

‘चांगली पद्धत,’ बाबा म्हणाले. ‘आमच्याकडेही आहे. म्हणजे तुमच्या घरात वाचणारं माणूस होतं तर.’

‘होतं.’

‘काय वाचत असत?’

‘ठाऊक नाही. निळा पुठ्ठा तेवढा दिसायचा. तोंडासमोर धरलेला असायचा. मग मी परत यायचो.’

धाकटीचे कान तापले. तिचंच सगळं, शब्द न् शब्द, आणि तो ते तिच्या डोळ्यांदेखत वाटून टाकत होता. आणि काय आवाज लावला होता. जरा म्हणून चाचरत नव्हता. हा माणूस गोड बोलत नाही, खोटं तर बोलतच नाही, अशी तिची खात्री होती. आता त्या खात्रीचं काय करायचं? आजवर तिला एकटीला गाठून जे जे म्हणाला, तेही असंच, कुणाचं तरी उचललेलं असेल का?

बाबा उठले. बाबा कुणासाठी उठत नसत. त्यांनी चष्मेवाल्याच्या खांद्यावर हात ठेवला, चांगला भक्कम, आणि तसाच राहू दिला.

‘पोरवयात आई जाणं वाईट,’ ते म्हणाले. ‘फार वाईट. बसा. या घरात तुम्हाला परकं वाटायचं कारण नाही.’

जिंकलं होतं की. यासाठीच तर सगळा खटाटोप होता. गप्प बसलं की झालं. आईबद्दल पुढे काहीतरी सारवासारव करता आली असती, ताई तोंड उघडणार नव्हती. पण धाकटीची नजर त्या हातावरून हलेना. आई गेली त्या दिवशीही तो हात तिच्या खांद्यावर आला नव्हता. त्या वर्षात एकदाही आला नव्हता. तिच्या आईसाठीचा हात एका परक्या खांद्यावर, चष्म्याच्या दुकानवाल्याच्या इस्त्रीच्या सदऱ्यावर पडला होता, आणि ते तिला सहन होईना.

‘बाबा,’ ती म्हणाली, ‘त्याची आई जिवंत आहे.’

बाबांनी हात काढला नाही. त्यांना बहुतेक कळलंच नाही. मग त्यांनी चष्मेवाल्याकडे पाहिलं.

‘आहे,’ तो म्हणाला. त्याचे कान लालबुंद झाले होते.

‘आणि हे पुस्तक?’

‘नाही वाचलेलं. एवढं एकच पान येतं.’

‘मग हे सगळं कशाला?’

‘तुम्ही हसायच्या बेतात होता,’ तो म्हणाला. ‘माझ्याकडे दुसरं खरं काही नव्हतं.’

बाबांचा हात खाली आला. आणि मग ते हसले. नाकातून. तेच हसू, ज्याने पूलवाल्याला घराबाहेर काढलं, ते. धाकटीने चष्मेवाल्याकडे पाहिलं. तो अवघडून उभा होता, हनुवटीवर कापल्याची खूण, हातात न वाचलेलं पुस्तक. खोटं कशाला सांगा, क्षणभर तो तिला लहान दिसला. अगदी लहान, फजिती झालेला, तिच्या घराला न शोभणारा. ज्याची भीती होती, तेच झालं, असं तिच्या मनात आलं. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला आणि रडू फुटेल असं वाटायला लागलं.

पण हसू मध्येच तुटलं.

‘दुसरं खरं म्हणजे?’ बाबा म्हणाले. त्यांनी एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा त्याच्या हातातल्या पुस्तकाकडे. मग हळूहळू, कठीण वाक्य वाचावं तसे ते बोलले. ‘निळा पुठ्ठा. मग दाराशी जायचं कोण?’

चष्मेवाल्याने मान वर करून धाकटीकडे पाहिलंसुद्धा नाही.

‘मी,’ धाकटी म्हणाली.

बाबा खुर्ची चाचपत खाली बसले. मग ते वळले ते धाकटीकडे नाही, चष्मेवाल्याकडेच. ‘आणखी काय सांगते ती तुम्हाला?’

‘ते तिलाच विचारा,’ तो म्हणाला. ‘मी आधीच नको तेवढं बोललोय.’ त्याने पुस्तक टेबलावर ठेवलं, ताईला ‘चहा छान होता’ म्हणाला आणि जोडे घालायला दाराकडे गेला. त्याला अडवायला कुणी उठलं नाही.

बाबा आपल्या तळव्यांकडे बघत होते. ‘हाक का नाही मारलीस?’

‘तुम्ही वाचत होतात.’

‘वाचत नव्हतो गं.’

धाकटीला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

‘एक अक्षर वाचलं नाही मी त्या वर्षात,’ बाबा म्हणाले. ‘परीक्षणं जुनीच उकरून पाठवत होतो. ते पुस्तक काय होतं, ते आजही सांगता यायचं नाही मला. तोंडासमोर धरलं की रडताना दिसत नाही. म्हणून धरायचो.’

ताई तिथेच जमिनीवर बसली, चौकटीला पाठ लावून. तिने कुणाकडेही पाहिलं नाही. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर खाली घातली. तिला काही म्हणायचं त्यांच्या मनात आलं असावं, पण ते म्हणणं इतकं जुनं झालं होतं की त्यांच्या तोंडून निघालं नाही.

धाकटी उभी होती. इतकी वर्षं तिने त्या निळ्या पुठ्ठ्याचा हिशोब मनात ठेवला होता. बायको गेली आणि हा माणूस वाचतो, म्हणजे याला काळीज नाही, असं तिने पुठ्ठा बघूनच ठरवून टाकलं होतं. दाराशी उभं राहून पुठ्ठा तेवढा दिसतो. दोन पावलं आत गेली असती, तर उघड्या पानाच्या वरून बाबांचे डोळे दिसले असते. तिला हे आत्ता कळत होतं आणि ते सोसण्याइतकी ती मोठी झाली आहे की नाही, याची तिला खात्री नव्हती. ती बाबांच्या खुर्चीपाशी गेली आणि त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, कारण कुणीतरी ठेवायलाच हवा होता. बाबांचा खांदा तिला वाटला होता त्याहून बारीक लागला.

दाराशी चष्मेवाला एक जोडा घालून दुसऱ्याच्या नाडीशी झटापट करत होता. आपलं इथलं येणं संपलं, असं समजून तो घाईत होता आणि घाईमुळे गाठ अधिकच बसत होती.

‘तू कुठे निघालास?’ धाकटीने न वळता विचारलं.

त्याचे हात थांबले.

‘जोडा काढ आणि आत ये,’ ती म्हणाली. ‘तुझ्यावर चिडायचंय मला अजून. चांगला बराच वेळ लागणार आहे.’